अस्वलाला ऐकवलेली हिंदी

मोह पडायला लागला की मला राग येतो. बाकीच्यांना आनंद होतो. बायका अंधारातच उठून टोपल्या घेऊन निघतात, म्हाताऱ्या अंगण सारवून ठेवतात, आणि मी सकाळी दार उघडते तर तो गोडसर, जरासा आंबूस, जड वास नाकात शिरतो आणि माझ्या कपाळाला आठी पडते. आजही पडली. बालवाडीच्या मागे मोहाचं एकच झाड आहे. त्याखाली फुगलेल्या साबुदाण्यासारखी पांढरट फुलं पडली होती. मी ती वेचली, सारवलेल्या अंगणात चटईवर पसरली, आणि आता ओसरीवर राखण करत बसले आहे. मोहाची राखण ही जगातली सर्वात कंटाळवाणी गोष्ट आहे. काही करायचं नसतं आणि कुठे जाताही येत नाही. म्हणून सुशीची जुनी वही घेतली. मागची पानं कोरी आहेत.

सुशी सातवीच्या परीक्षेला गेली आहे. आज तिचा हिंदीचा पेपर आहे. म्हणजे वासही तोच आणि पेपरही तोच. देवाला दुसरा दिवस सापडला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मोहाने माझी एक वही नेली. चोरून नेली नाही, गेली ती माझ्यामुळेच. पण ती परत मिळणार नाही, आणि तिच्यात जे होतं ते मला पुन्हा लिहिता येत नाही. दरवर्षी या दिवसांत मी बसते, मराठीत लिहून पाहते, चार ओळी होतात आणि पान फाडते. यंदा फाडायचं नाही असं ठरवलं आहे. बघू.

तेव्हा आम्ही नाक्यावर राहत होतो. सुशीचे बाबा जंगलखात्यात गार्ड. गडचिरोलीहून सहा कोस आत, रस्त्याला आडवा बांबू, त्याला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे विहीर आणि भोवताली सागवान. गाडीवाले थांबत, पाणी मागत, मी दाराआडून तांब्या पुढे करी. माझा हात तेवढा लोकांनी पाहिलेला होता. बोलणं मला कधीच जमलं नाही. तोंडाशी आलेला शब्द मी आधी मनात फिरवून पाहते, आणि तोवर माणूस पाणी पिऊन निघून गेलेला असतो.

त्या वर्षी सुशीची चौथी होत होती. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा नदीपलीकडे, पोंभुर्ण्याला. मी एकदा जेवण वाढताना विषय काढला, तर हे म्हणाले, "चौथी झाली, लय झालं. तुयीबी चौथीच हाय ना? का बिघडलं तुयं?"

काय बिघडलं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, फार मोठं होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. मी भात वाढला.

मग गावातल्या शाळेचे गुरुजी एक दिवस नाक्यावर आले. पोंभुर्ण्याला बालवाडी निघते आहे, तिथे बाई पाहिजे, चौथी शिकलेली चालेल, पण हिंदीची पहिली परीक्षा पास असावी, असं ते म्हणाले. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. कचेरीतले अर्धे कागद हिंदीत निघत, आणि हिंदीच्या परीक्षांचं खूळ घरोघर शिरलं होतं. सुना, सासवा, पोस्टमन, सगळे परीक्षेला बसत. "बाईंना राहायला खोलीही मिळेल," गुरुजी म्हणाले, "आणि मुलगी समोरच्याच शाळेत जाईल." मी दाराआड होते. त्यांनी दाराकडे पाहून विचारलं, "बसता का?" मी कडी वाजवली. आमच्याकडे कडी वाजवली म्हणजे हो.

हे हसले. "होऊन होऊन का होईन, नापास होशीन," म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. तेवढं त्यांचं मानायला हवं.

गुरुजींची शिकवण्याची रीत एकच. रोज दहा ओळी लिहायच्या. कशावरही लिहा, पण दहा. आठवड्याला सुशीबरोबर वही पाठवायची, ते लाल शाईने दुरुस्त करून पाठवणार. पहिले पंधरा दिवस मी इतकी वैतागले की टाक विहिरीत टाकावा वाटलं. गाय उपयोगी आहे. सूर्य पूर्वेला निघतो. हे मला ठाऊक होतं, सूर्यालाही ठाऊक होतं, लिहून कोणाचं भलं होणार होतं? एकेका ओळीला अर्धा तास लागे. मराठीतला शब्द चटकन पुढे येई आणि हिंदीतला सापडत नसे. रांगेत घुसणाऱ्या बाईसारखा तो मराठी शब्द मला हाताने मागे सारावा लागे.

मग एका दुपारी मी विहिरीवर लिहायला बसले. आमच्या विहिरीची कपी कुरकुरते, एवढंच सांगायचं होतं. कपीला आणि कुरकुरण्याला हिंदीत काय म्हणतात, मला माहीत नव्हतं. म्हणून मी लिहिलं की एक लाकडी चाक आहे, त्यावरून दोर जातो, आणि तो दोर रोज सकाळी एखाद्या म्हातारीसारखा तक्रार करत खाली उतरतो आणि पाणी घेऊन वर येताना गप्प असतो. लिहिलं आणि थांबले. हे खरं होतं. वर येताना तो खरंच गप्प असतो. सहा वर्षं मी त्या विहिरीचं पाणी काढत होते, हे मला कधी दिसलं नव्हतं. मराठीत 'कपी कुरकुरते' म्हटलं की काम झालं, पुढे चला. हिंदीत शब्द नव्हता म्हणून मला विहिरीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

त्या दिवशी दहाच्या चाळीस ओळी झाल्या. मान वर केली तर चूल विझलेली आणि सुशी शाळेतून येऊन, स्वतःच्या हाताने घेऊन, जेवून, झोपलेलीसुद्धा. पोरगी माझ्या समोरून गेली होती म्हणे, दोनदा.

गुरुजींनी वहीवर लिहून पाठवलं, 'दहा ओळी म्हणजे दहा.'

असं का होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मराठी माझी आहे, पण तिच्यातले सगळे शब्द आधीच वापरलेले आहेत. याच शब्दांनी मला कोणीतरी रागावलं आहे, हाक मारली आहे, भाजीत मीठ कमी आहे म्हटलं आहे. पाणी लिहिलं की कोणीतरी पाणी मागतं. हिंदीचे शब्द म्हणजे कुंभाराकडून आणलेली कोरी मडकी. त्यात अजून काही शिजलं नव्हतं. आणि त्या भाषेत मला ओळखणारं कोणी राहत नव्हतं. तिथे मी लाजू कोणाला? मी आत जाई आणि दार लावून घेई. बाहेर काय जळतं, कोण येतं, मला कळत नसे. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. घरच्या बाईला असं नाहीसं होणं परवडत नाही.

परवडलं नाहीच.

नाक्यापलीकडच्या टोल्यात, चार झोपड्यांच्या वस्तीत, मैनाबाई राहायची. गोंड घरातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, हसली की सगळे दात दाखवणारी. घरात गोंडी बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं. दाराबाहेर येऊन मी जिच्याशी बोलत असे अशी ती एकटीच. तिच्या अंगणाला कुंपण नव्हतं आणि आमच्या क्वार्टरला होतं, म्हणून मोहाच्या दिवसांत ती आपली फुलं आमच्या अंगणात वाळायला टाकी. "बाई, तुयं आंगण, मायं मोह. तू फक्त डोया उघडा ठेव," म्हणायची. मोह वाळून मनुकांसारखा लाल झाला की ती तो झोडून, साफ करून घरातल्या बांबूच्या ढोलीत भरे. पावसाळ्यात, धान हाती यायच्या आधी, त्यांच्या घरी तोच शिजतो. चिंचोके घालून.

एका दुपारी दहा दिवसांचा मोह अंगणात होता. मी ओसरीवर वही घेऊन बसले होते, आत्ता बसले आहे तशीच. कशावर लिहीत होते तेही आठवतं. माझ्या आईच्या हातावर. कुंपणाची बांबूची ताटी उघडी राहिली होती, आणि ती माझ्याच हातून. गावातली एक भुरी गाय आत आली. ती किती वेळ खात होती, मला माहीत नाही. मैनाबाई येऊन उभी राहिली तेव्हा गाय उरलेले चार दाणे जिभेने टिपत होती आणि मी लिहीत होते.

मैनाबाईने आधी गायीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तू इथीच होतीस ना वो?"

"इथीच होती."

"मंग गाय का तुया आंगावरून गेली?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चटईवरचं शेण उचललं, बाहेर टाकलं, हात पुसले आणि म्हणाली, "गायीनं माया पावसाळा खाल्ला वो बाई." एवढंच. मला ते वाक्य आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मग ती म्हणाली, "कुठी जातेस वो तू, लिवताना? सांगून तरी जात जाय."

मी म्हटलं, मी भरून देते. तिने विचारलं, कशी? म्हटलं, वेचून. ती हसली. गार्डाची बायको, हिला पालापाचोळ्यातून चालता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना ती ताटीशी येऊन उभी राहिली. "चाल."

जंगलातलं मोहाचं प्रत्येक झाड कोणाचं तरी असतं. कागदावर नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. मैनाबाईचं झाड तिच्या सासूकडून आलेलं, नाल्यापलीकडे. खालचा पाचोळा तिने झाडून जाळून जमीन स्वच्छ केली होती. तो जाळायला बंदी होती आणि बंदी करणारा माझाच नवरा होता, पण त्या पहाटे मी ती काळी जमीन पाहिली आणि गप्प राहिले. फुलं पडत होती. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, तरी इथे एक, तिथे एक.

मी टोपली घेऊन वाकले, तर मैनाबाईने दटावलं. "बोल."

"का बोलू?"

"कायबी बोल. मुकी राहू नको. अस्वल येते मोहाले. माणूस बोलत असला तं ते दुरून जाते. मुक्या माणसाच्या आंगावर येते."

ती स्वतः बोलायलाच लागली होती. गोंडीत, खणखणीत आवाजात, झाडाशी, टोपलीशी, मेलेल्या सासूशी बहुतेक, कारण मधेच भांडणाचा सूर लागे. आणि मी तिथे उभी. आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते, आणि आता जीव वाचवायचा तर बोलायला हवं होतं. कोणाशी? काय? तोंड उघडलं तर लाज आली. झाडाची लाज! मैनाबाईने वळून पाहिलं. "बोल वो, नाई तं घरी जाय."

मग माझ्या तोंडातून जे निघालं ते हिंदीत निघालं. "सूर्य पूर्व में निकलता है," मी ओरडले. "मैं कुएँ से पानी भरती हूँ."

मैनाबाई थांबली. "हे कोणाचं बोलणं वो?"

"सरकारचं."

"मंग बोल, बोल. सरकारले अस्वल भेते."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्या जंगलात हिंदी ओरडले. आधी धडे संपले. मग माझ्या वहीतलं सुरू झालं. विहीर, दोर, आईचे हात, सुशीची चौथी, यांनी विचारलेला तो प्रश्न आणि त्याचं उत्तर. होय, ते उत्तरही. जे मला भात वाढताना देता आलं नाही ते मी मोहाच्या झाडाला सबंध ऐकवलं, हिंदीत, मोठ्याने. मैनाबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि मला तिच्या गोंडीतलं. दोघी पाठीला पाठ लावून आपापल्या भाषेत भांडत होतो आणि टोपल्या भरत होत्या.

एके सकाळी अस्वल खरंच दिसलं. पलीकडच्या झाडाखाली, पाठमोरं, केसाळ. मैनाबाई गप्प झाली, पण मी होऊ शकले नाही. भीतीने माझं बोलणं थांबेचना. मी एका लांब वाक्याच्या मध्यावर होते आणि ते वाक्य पुरं केल्याशिवाय माझा श्वास सुटणार नव्हता. अस्वल वळलं, उभं राहिलं, त्याने ऐकलं, आणि मान खाली घालून नाल्याकडे निघून गेलं.

"त्यालेबी नाई समजली हिंदी," मैनाबाई म्हणाली, आणि हसता हसता खालीच बसली.

तिचा मोह मी भरून दिला. तिची माझ्यावर खप्पामर्जी राहिली नाही. पण माझं नुकसान तिथे व्हायचंच होतं. कारण त्या सकाळींनी माझ्यात काहीतरी साठवलं आणि ते बाहेर पडायला नको ती जागा निवडून बसलं.

परीक्षा गडचिरोलीला होती. हे रजा काढून बैलबंडी घेऊन आले, सुशीही आली. वाटेत ती मला प्रश्न विचारत होती आणि मी पटापट उत्तरं देत होते. यांनीसुद्धा एकदा मान डोलावली. पाच प्रश्न असतात. पत्र, भाषांतर, व्याकरण, उताऱ्याचा सारांश आणि शेवटी निबंध. गुरुजींनी बजावलं होतं, निबंध शेवटी.

मी पेपर हातात घेतला आणि शेवटचा प्रश्न आधी वाचला. 'मेरी प्रिय ऋतु.' ठीक आहे, म्हटलं, एक ओळ सुचली आहे ती लिहून ठेवू, म्हणजे विसरणार नाही, मग पत्राकडे वळू.

मोह पडतो तो आवाज सांगायचा होता. मराठीत आपण टप म्हणतो. हिंदीत काय म्हणतात मला ठाऊक नव्हतं. मग लिहिलं की शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं आहे आणि ते जागं होऊ नये म्हणून एक बाई हातातली वस्तू हळूच खाली ठेवते आहे, असा तो आवाज असतो. आणि हे लिहिल्याबरोबर मला कळलं, ती बाई माझी आई. बाबा दुपारी झोपले की ती भांडी अशी ठेवायची. तिचं सगळं आयुष्य असं हळूच ठेवण्यात गेलं. त्या एका 'टप'ने हे सगळं माझ्यापासून पस्तीस वर्षं लपवून ठेवलं होतं. मग मी कशी थांबणार? मी पुढे गेले. मैनाबाई आली, तिची सासू आली, काळी जमीन आली, अस्वल आलं, मुक्या माणसावर अस्वल धावतं हे आलं. कोणीतरी पुरवणी दिली. मी घेतली असावी. कोणीतरी घंटा वाजवली. मला वाटलं ती गावच्या गायीच्या गळ्यातली.

"बाई, सोडा आता," खोलीवर देखरेख करणाऱ्या बाईंनी म्हटलं. त्यांना वही माझ्या हाताखालून ओढून घ्यावी लागली.

चार प्रश्न कोरे होते. पत्र नाही, भाषांतर नाही, काही नाही. तीन तास.

बंडीत बसले. यांनी विचारलं, "गेला का पेपर बराबर?"

"गेला."

"सगळं लिवलं ना?"

"लिहिलं," म्हटलं. आणि खरं सांगते, वाटेतला पहिला कोसभर मी सुखात होते. माझ्या पदरावर शाईचा डाग होता आणि मला जगात काही नको होतं. मग सुशीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आई, पोंभुर्ण्याच्या शाळेले खिडक्या हायेत म्हणे मोठ्या." तेव्हा मला मी काय केलं ते कळलं.

निकाल घेऊन गुरुजी स्वतः आले. निबंधाला वीसपैकी एकोणीस, बाकी शून्य, एकूण नापास. एकोणीस वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, परीक्षा ही लिहायची जागा नसते. उत्तरं द्यायची जागा असते." हे म्हणाले, "म्या का म्हणलं होतं?" त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. असता तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. तीही सोय नाही.

सुशीचं एक वर्ष गेलं. तिने पाणी भरलं, मैनाबाईच्या शेळ्या हाकल्या, जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त एकदा, शेंगा सोलताना, विचारलं, "आई, तीन तास तू का करत होतीस?" मी म्हटलं, "काई नाई."

दुसऱ्या परीक्षेची तयारी आम्ही दोघींनी केली. गुरुजींचं घड्याळ मागून आणलं. सुशी ते हातात धरून समोर बसे. मी निबंधाला सुरुवात करी आणि ती ओळी मोजी. "आठ. नऊ. बस, आई, झाल्या दहा." मी टाक खाली ठेवी. आधी वाक्याच्या मध्ये ठेवावा लागे तेव्हा हाताला कळ येई. पुढे पुढे सवय झाली. मी दहाव्या ओळीला आपोआप विझू लागले, तेल संपलेल्या दिव्यासारखी. आश्विनात पुन्हा गडचिरोलीला गेले, पाचही प्रश्न सोडवले, निबंध आंब्यावर लिहिला, दहा ओळी, आणि तिसऱ्या श्रेणीत पास झाले. पुढच्या वर्षी बालवाडी मिळाली, आम्ही दोघी इथे पोंभुर्ण्याला आलो आणि सुशी पाचवीत बसली. शाळेला खिडक्या खरंच मोठ्या आहेत. हे दर पंधरा दिवसांनी शनिवारी नदी ओलांडून येतात, खिडकीशी उभे राहून पोरीला पाहतात, आणि मी पाहते आहे असं दिसलं की खोकतात.

म्हणजे सगळं ठीक झालं. मग माझी तक्रार काय आहे? तीच तर सांगता येत नाही. आता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. हिंदीचं कोणी विचारत नाही. ते प्रमाणपत्र ट्रंकेत तळाशी आहे. पण पहिल्या परीक्षेतली ती उत्तरांची वही कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल, किंवा कोणीतरी तिच्यात फुटाणे बांधून दिले असतील. मराठीत तेच लिहायला बसले की सगळे घरचे येऊन शब्दांत बसतात. हिंदीत बसले तर दहाव्या ओळीला कोणीतरी "बस, आई" म्हणतं. मराठीची वाट मी वापरून बुजवली आणि हिंदीची पास होण्यासाठी.

इथे वही मिटली होती, कारण सुशी आली. आता पुढचं लिहिते.

ती आली, चप्पल काढली, पाणी प्यायली. मी विचारलं, "सगळं सोडवलंस?"

"सगळं. धा मिनिटं उरले होते."

मला आनंद झाला. व्हायलाच हवा होता. "निबंध कोणता?"

"प्रिय ऋतु."

"किती ओळी?"

"धा. धाच मागतल्या होत्या."

"म्हणून दाखव."

तिने उभ्या उभ्या म्हणून दाखवला. उन्हाळा आवडतो, आंबे पिकतात, सुट्टी असते, मामाकडे जातो. तिला मामा नाही. एक चूक नव्हती त्यात. एकही.

"मोह काऊन नाई लिहिला?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता. "पोरी, मोहात वाढलीस तू! सकाळपासून सगळ्या गावाला वास येऊन राह्यला आणि तू आंबे लिहून आलीस?"

सुशी माझ्याकडे पाहतच राहिली. मी असं कधी बोलत नाही. "मोह कोणी लिवते का आई पेपरात? आन् तूच तं शिकवलं. घड्याळाकडं पाय, धा ओळी कर, उठ." मग म्हणाली, "तू लिवला होता का? तेव्हा? म्या विचारलं तं काई नाई म्हणे."

मी हो म्हटलं.

"का लिवलं होतं?"

मला ते पाठ नव्हतं. पाठ असतं तर चार वर्षं पानं फाडली नसती. मी अंगणाकडे पाहिलं. तिने वाट पाहिली. दाराआडून तांब्या देताना लोक वाट पाहत नसत, म्हणून बोलायचं राहून जाई. ही पाहत होती. आणि मग मी हिंदीत, नाल्यापलीकडे बोलत असे त्याच आवाजात, म्हटलं की शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं आहे आणि एक बाई हातातली वस्तू हळूच खाली ठेवते आहे.

सुशी हसेल असं वाटलं होतं, कारण माझे उच्चार मैनाबाईसुद्धा हसेल असे आहेत. ती हसली नाही. ओसरीवर माझ्याशेजारी बसली.

"मंग?" म्हणाली.

मी पुढे सांगू लागले. आजीचे हात आले. काळी जमीन आली. दहावी ओळ कधी गेली, कोणी मोजली नाही. ताटी लोटायची राहिली होती आणि शेजारचं वासरू आत आलं होतं. चटईवर त्याच्या जिभेचा खरखर आवाज येत होता. या खेपेला तो मला ऐकू आला, हे इथे लिहून ठेवते. मोह माझाच होता. मी उठले नाही.